पनवेलचे पॅनेलवाले

पनवेलला उतरणाऱ्यांपेक्षा पनवेलवरून पुढे जाणारे जास्त. मुंबई-पुण्याचा जुना रस्ता आहे, शेजारून द्रुतगती मार्ग आहे, आणि ६६ क्रमांकाचा राष्ट्रीय महामार्ग तर इथेच सुरू होऊन कोकण, गोवा करत थेट कन्याकुमारीला थांबतो. गणपतीच्या आधी एसटी स्टँडवर जी झुंबड उडते, तिच्यातल्या निम्म्यांना पनवेलशी काही देणंघेणं नसतं. अशा गावात कोणी वर्षानुवर्षं एकाच खुर्चीत बसून राहिला, की तो माणूस न राहता पत्ता होतो. 'पॅनेलवाल्यांच्या जिन्यासमोर' एवढं सांगितलं की लाइन आळीत कुरिअरवाला चुकत नाही.

आडनाव पाटीवर आहे, पण पाटी जिन्यात आहे आणि जिन्यात दिवा नाही. दिवा का नाही, ते पुढे येईल.

धंदा सॉफ्टवेअरचा. निदान जगाच्या लेखी. कळंबोलीच्या लोखंड बाजारातले ट्रान्सपोर्टवाले, न्हावाशेवा बंदराची कामं करणारे क्लिअरिंग एजंट, तळोजा एमआयडीसीतले दोन-चार कारखानदार हे त्यांचं गिऱ्हाईक. पण पॅनेलवाल्यांना 'तुम्ही प्रोग्रॅम लिहिता ना?' असं विचारलं तर त्यांचा चेहरा पडतो. "प्रोग्रॅम कोणीही लिहितो," ते म्हणतात. "आम्ही कंपोनंट करतो."

ह्या जमातीचे नमुने डोंबिवलीत आहेत, सदाशिव पेठेतही सापडतात; तिथले जरा जास्त मोठ्याने बोलतात एवढंच. लक्षण सगळ्यांचं एक. गिऱ्हाइकाने एक स्क्रीन मागितला की हे आधी असा कंपोनंट करायला घेतात, ज्याच्या जोरावर पुढे शंभर स्क्रीन चुटकीसरशी होतील. शंभर स्क्रीन कोणी मागितलेले नसतात. मागितलेला एक होत नाही.

पॅनेलवाल्यांचं दैवत डेल्फी, म्हणजे प्रोग्रॅम लिहायचं एक साधन. १४ फेब्रुवारी १९९५ ला बोरलँड कंपनीने ते बाजारात आणलं. दरवर्षी त्या तारखेला पॅनेलवाले वहिनींना मिसळ खायला नेतात; वहिनींची बरीच वर्षं अशी समजूत होती की कारण वेगळं आहे. डेल्फीचे मुख्य शिल्पकार अँडर्स हेल्सबर्ग १९९६ ला बोरलँड सोडून मायक्रोसॉफ्टमध्ये गेले आणि तिथे त्यांनी सी-शार्प ही भाषा घडवली. हा इतिहास पॅनेलवाले वाटणीच्या दाव्याच्या सुरात सांगतात. त्यांच्याकडे २००२ सालचं डेल्फी ७ आहे, ते ज्यावर चालतं ते जुनं मशीन आहे, आणि त्या मशीनला घरातल्या कोणीही फडकं लावायचं नाही असा नियम आहे.

वाचकांपैकी ज्यांनी हे प्रकरण पाहिलेलं नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. डेल्फीत पडद्यावर एक कोरा फॉर्म येतो. वरच्या पट्टीत बटणं, चौकटी, याद्या अशा वस्तू, म्हणजेच कंपोनंट, मांडलेल्या असतात. त्यातली एक उचलायची आणि फॉर्मवर सोडायची. तिच्यावर माऊसने टिचकी मारली की तिच्या कडांवर बारीक काळे ठिपके उगवतात. म्हणजे ती आता तुमच्या हातात आली. ओढा, रुंद करा, बाजूच्या ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमध्ये तिचा रंग बदला, नाव बदला. हा सगळा डिझाइन टाइम, आणि तो सांभाळणारा डेल्फीचा भाग म्हणजे डिझायनर. मग एफ-नाइनची कळ दाबायची, की प्रोग्रॅम सुरू होतो आणि चुका दिसू लागतात. तो रन टाइम. पॅनेलवाल्यांना रन टाइममध्ये रस नाही.

कळंबोलीच्या एका शेठना बिल्टी, म्हणजे ट्रकने जाणाऱ्या मालाची पावती, छापायची होती. बिल्टीवर माल पाठवणाऱ्याचा पत्ता लागतो आणि माल घेणाऱ्याचाही. नाव, दोन ओळी पत्ता, तालुका, पिनकोड, फोन. सामान्य माणसाने ह्या चौकटी एकदा मांडल्या असत्या, त्यांची नक्कल करून खाली चिकटवली असती, आणि दुपारी जेवून झोपला असता. पॅनेलवाल्यांनी 'पत्ता-पॅनेल' हा कंपोनंट करायला घेतला. एक पॅनेल, त्याच्या पोटात सगळ्या चौकटी. फॉर्मवर सोडलं की अख्खा पत्ता हजर. कल्पना उत्तमच होती. त्याचं वरच्या पट्टीतलं २४ बाय २४ ठिपक्यांचं चित्र काढण्यात गणपती ते दिवाळी गेली, कारण टपालपेटी लाल ठेवली तर ती गॅसच्या सिलिंडरसारखी दिसायची. पट्टीवरच्या कप्प्याला 'पनवेल' असं नाव द्यायचं होतं, तेही देवनागरीत. पण डेल्फीला युनिकोड कळायला लागलं ते डेल्फी २००९ पासून. डेल्फी ७ मध्ये पाच प्रश्नचिन्हं उमटली. शेवटी नाइलाजाने रोमन अक्षरं आली. स्टँडर्ड, ॲडिशनल, विन-३२ ह्या मातब्बरांच्या रांगेत आपलं गाव बसलेलं पाहून त्यांचे डोळे पाणावले, असं वहिनी सांगतात. ते स्वतः 'स्क्रीनचा ब्राइटनेस जास्त होता' म्हणतात.

आणि तिथेच घोडं पेंड खायला लागलं. पत्ता-पॅनेल फॉर्मवर सोडलं. एका बिल्टीत पिनकोडची चौकट जरा रुंद हवी होती. तिच्यावर टिचकी मारली, तर अख्खं पॅनेल हातात आलं. नावावर मारली, पॅनेल. फोनवर मारली, पॅनेल. आतलं एकही पोर स्वतंत्रपणे धरता येईना. ह्या टिचकीपासून पॅनेलवाल्यांच्या आयुष्याला दिशा लागली, किंवा होती ती सुटली. दोन्ही मतं लाइन आळीत आहेत.

कारण ते फार छान समजावतात. "डेल्फीत प्रत्येक कंट्रोलला, म्हणजे फॉर्मवरच्या चौकटीला, बटणाला, दोन वडीलधारे. एक पेरेंट आणि एक ओनर. पेरेंट म्हणजे तो कोणाच्या मांडीवर बसलाय. ओनर म्हणजे त्याचं नाव कोणाच्या रेशनकार्डावर आहे. आता डिझायनर हा रेशनिंगचा इन्स्पेक्टर. त्याच्याकडे कार्ड फक्त फॉर्मचं. पिनकोड बसलाय पॅनेलच्या मांडीवर, आणि आपण कोडमध्ये त्याचं नावही पॅनेलच्याच कार्डावर घातलंय. इन्स्पेक्टर म्हणतो, हा माझ्या यादीत नाही, ह्याला ज्याने मांडीवर घेतलाय त्याला बोलवा. म्हणून पॅनेल उठतं."

"मग फॉर्मच्या कार्डावर नाव घाला," असं ऐकणारा हमखास म्हणतो. पॅनेलवाले ह्याच वाक्याची वाट पाहत असतात. ते खुर्ची पुढे ओढतात आणि ऐकणाऱ्याची लोकल चुकते.

नाव फॉर्मच्या कार्डावर घातलं, की पोर टिचकीला ओ देतं. पण मग ते पॅनेलच्या धाकातही राहत नाही. कोणीही डिलीटची कळ दाबली की पिनकोड घरातून जातो, आणि पॅनेल मात्र त्याला जुन्या जागी हाक मारत राहतं. तिथे आता कोणी नसतं. ॲक्सेस व्हायोलेशन! त्यात डिझाइन टाइमला कंपोनंट हा डेल्फीच्या पोटातच चालत असतो, त्यामुळे तो गेला की डेल्फीलाही घेऊन जातो. शिवाय फॉर्म साठवून परत उघडला, तर पॅनेल सवयीप्रमाणे नवा पिनकोड जन्माला घालतं, आणि साठवलेल्या फाइलमधून जुनाही येऊन दारात उभा राहतो. ह्या नावाचा कंपोनंट आधीच आहे, असा बोर्ड पडद्यावर झळकतो. नोटिफिकेशन नावाची सोय वापरून पोर गेल्याची वर्दी पॅनेलला देता येते, पण ती लिहायला विसरणारेच जास्त, आणि पॅनेलवाल्यांच्या मते देशातल्या निम्म्या अडचणींचं मूळ त्यात आहे.

ह्यावर त्यांनी काढलेला तोडगा खरोखर देखणा आहे, हे मी त्यांच्या विरोधकांसमोरही म्हणेन. त्यांनी पोरांची नावं पॅनेलच्याच कार्डावर ठेवली. मग सेट-सबकंपोनंट ह्या आज्ञेने डेल्फीला सांगितलं की हा ह्याच घरातला आहे. त्यामुळे पोराचे गुणधर्म पॅनेलबरोबरच फाइलमध्ये साठू लागले. राहिली टिचकी. डिझाइन टाइमला माऊसची टिचकी डिझायनर अडवतो, पण ठेवून घेण्याआधी कंट्रोलला एकदा विचारतो: ही तुझ्या कामाची आहे का? ह्या विचारण्याचं नाव डिझाइन-हिट-टेस्ट. शून्य म्हटलं तर टिचकी डिझायनरची, एक म्हटलं तर कंट्रोलची. डेल्फीतल्या पेज-कंट्रोलचे टॅब डिझाइन करतानाही टिचकीने बदलतात ते ह्याच जोरावर. पॅनेलवाल्यांनी आतल्या प्रत्येक चौकटीला 'एक' म्हणायला शिकवलं, आणि टिचकी हातात आली की डिझायनरलाच हाक मारून 'आता मला निवड' असं सांगायला लावलं. हा डिझायनरशी बोलणारा भाग वेगळ्या पॅकेजमध्ये ठेवावा लागतो, कारण तो गिऱ्हाइकाच्या मशीनवर नेता येत नाही. म्हणजे एका पत्त्यासाठी दोन पॅकेजं झाली.

शेठ दर सोमवारी फोन करायचे.

"पॅनेलवाले, बिल्टी कधी निघणार?"

"शेठ, पिनकोड हातात यायला लागलाय."

"मला बिल्टी हातात पाहिजे हो!"

"ती रन टाइमची गोष्ट झाली."

शेठनी दरम्यान छापखान्यातून बिल्टीबुकं छापून घेतली. ती संपली, परत छापली.

मध्यंतरी पॅनेलवाल्यांनी क्लास काढला आणि जिन्याच्या तोंडाशी कागद चिकटवला: 'चाइल्ड कंट्रोल: विशेष वर्ग, मर्यादित जागा.' नवीन पनवेलहून एक बाई मुलाला बखोटीला धरून घेऊन आल्या. मुलगा दिवसभर मोबाइलवर असतो, काही करा म्हणाल्या. पॅनेलवाल्यांनी शांतपणे ऐकून घेतलं आणि विचारलं, "ओनर कोण, पेरेंट कोण?" बाई म्हणाल्या, पेरेंट मीच, पण ऐकतो आजीचं. "मग बरोबर आहे," पॅनेलवाले म्हणाले, "कार्ड आजीकडे आहे." बाईंना हे इतकं पटलं की त्यांनी तीन महिन्यांची फी भरली. मुलगा डेल्फीची पास्कल भाषा शिकला आणि आता बेलापूरला नोकरी करतो. विशेष वर्गाचा निकाल शंभर टक्के, कारण दुसरा विद्यार्थी आला नाही.

मायक्रोसॉफ्टच्या डॉटनेटवाल्यांचा त्यांना राग आहे, आणि तो नुसता भाऊबंदकीचा नाही. २००५ साली डॉटनेटची दुसरी आवृत्ती आली, तिच्यात ह्याच दुखण्यावर एनेबल-डिझाइन-मोड नावाचं औषध निघालं. कंपोनंटचा स्वतःचा डिझायनर लिहायचा, त्यात एक ओळ, आतल्या पोराचं नाव सांगायचं, संपलं. बेलापूरहून कोणी ही बातमी घेऊन धावत आला. पॅनेलवाल्यांनी चहा मागवला, त्याचा पिऊन झाला, स्वतःचा गार होऊ दिला. मग म्हणाले, "एका ओळीत होतं म्हणजे बाकीच्या ओळी दुसऱ्या कोणीतरी लिहिल्यात. त्या माणसाला भेटायला आवडेल." पुढे मायक्रोसॉफ्टने नव्या डॉटनेटसाठी डिझायनर वेगळ्या प्रोसेसमध्ये नेला आणि हाताने लिहिलेले जुने डिझायनर तसेच्या तसे चालेनात. त्या संध्याकाळी लाइन आळीत पेढे वाटले गेले. कशाचे, ते कोणालाच कळलं नाही. बऱ्याच जणांनी मुलाचं लग्न ठरल्याबद्दल अभिनंदन केलं.

आता दिवा. पॅनेलवाले इमारतीचे खजिनदार आहेत. जिन्यातला बल्ब गेला तेव्हा ते टिळक रोडला दुकानात गेले. दुकानदाराने एलईडीची बंद फिटिंग दाखवली. पॅनेलवाल्यांनी ती उलटसुलट करून पाहिली, नखाने कडा उचकटून पाहिली. "आतला दिवा गेला तर?" दुकानदार म्हणाला, पूर्ण फिटिंग बदलायची, काका, दोनशे रुपयांत काय जातंय. "म्हणजे आतलं काही धरता येत नाही," असं म्हणून ते परत आले. जी वस्तू उघडत नाही ती सोसायटीच्या पैशांतून घ्यायची नाही, असा त्यांनी ठराव मांडला. सभेला कोरम नसल्याने तो नामंजूर करायलाही कोणी नव्हतं. ज्याची बॅटरी निघते असा मोबाइल ते अजून शोधताहेत. लग्नात आहेर म्हणून आलेला मिक्सर त्यांनी पाच वर्षं वापरू दिला नव्हता, कारण जार, भांडी आणि मोटर एकाच पावतीवर होती.

मुलगा पुण्याला वेबचं काम करतो. त्याच्याकडेही सगळं कंपोनंटच, पण त्या शब्दावर बापलेकांचं एकमत नाही. एकदा सुट्टीत त्याने ब्राउझर उघडला, एफ-ट्वेल्व्ह दाबलं, आणि एका मोठ्या कंपनीच्या वेबसाइटवर वाटेल त्या बटणाच्या आतल्या आत टिचकी मारत गेला. चौकट, तिच्यातली चौकट, तिच्यातलं अक्षर. सगळं निवडलं जात होतं, रंग बदलत होते. ना ओनर, ना कार्ड, ना इन्स्पेक्टर. पॅनेलवाले चष्मा कपाळावर घेऊन बराच वेळ पाहत होते. वहिनी स्वयंपाकघरातून डोकावल्या. त्यांना वाटलं, संपलं एकदाचं.

"पण हे चालू असताना," पॅनेलवाले अखेर म्हणाले.

"म्हणजे?"

"हा रन टाइम आहे. तू दुसऱ्याच्या तयार घरात शिरून फर्निचर हलवतोयस. पान परत उघडलं की सगळं होतं तिथे. साठलं कुठे?"

मुलगा गप्प झाला, कारण मुद्दा बरोबर होता. हीच ह्या माणसाची पंचाईत आहे. मुद्दा नेहमी बरोबर असतो.

तो किती बरोबर असतो हे १ जुलै २०१७ ला दिसलं. जीएसटी लागू झाला, प्रत्येक पत्त्याखाली पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक टाकणं आलं. शेठनी पॅनेलवाल्यांचा प्रोग्रॅम तोपर्यंत थोडाथोडा वापरात घेतला होता. बिल्टी नाही, पण गाडीभाडं, पार्ट्यांची खाती, येणी असे पुष्कळ स्क्रीन झाले होते आणि सगळ्यांवर पत्ता-पॅनेल बसलं होतं. कळंबोलीत इतरांची पोरं रात्र-रात्र बसून एकेका स्क्रीनवर चौकट चिकटवत होती. पॅनेलवाल्यांनी पत्ता-पॅनेल उघडलं, एक चौकट वाढवली, पॅकेज कंपाइल केलं. सगळ्या स्क्रीनवर एकदम जीएसटीचा रकाना आला. शेठनी पेटीतून नोटा काढून मोजायला सुरुवात केली होती, तेवढ्यात त्यांच्या दिवाणजींनी दाखवलं की एका स्क्रीनवर नवा रकाना भाड्याच्या आकड्यावर चढलाय. तेवढाच जरा अरुंद करा.

एका ठिकाणचंच एक पोर धरायचं, बाकीच्यांना धक्का लावायचा नाही. सगळा खटाटोप ह्याच क्षणासाठी होता. पॅनेलवाल्यांनी तो फॉर्म डेल्फीत उघडला आणि जीएसटीच्या चौकटीवर टिचकी मारली. ऑब्जेक्ट इन्स्पेक्टरमधलं पॅनेलचं नाव गेलं आणि चौकटीचं आलं. शेठ, दिवाणजी, चहावाला पोऱ्या, सगळे मागे उभे होते. रुंदीच्या आकड्यावर कर्सर नेऊन पॅनेलवाले थांबले.

"हे हाताने करणं बरोबर नाही," ते म्हणाले. "चौकटीला शेजारी कोण आहे ते आपलं आपण कळायला हवं."

मशीन घेऊन ते घरी आले. पुढचे काही महिने दिवाणजी त्या स्क्रीनवरचं भाडं अंदाजाने वाचत होते, आणि शेठनी नोटा मोजून परत पेटीत ठेवल्या.

वहिनींनी ह्यातलं काहीही शिकलेलं नाही, पण त्यांचं निदान कोणत्याही इंजिनिअरपेक्षा नेमकं आहे. दिवेआगरची सहल, गच्चीची गळती, मुलाची पत्रिका, सगळ्याच्या वह्या त्यांच्या कपाटात आहेत, रंगीत पेनांनी आखलेल्या. "ह्यांचं सगळं डिझाइन टाइमला," त्या म्हणतात. "एफ-नाइन दाबायची वेळ आली की ह्यांना आतलं काहीतरी सिलेक्ट होत नाही." दिवेआगरला त्या गेल्या वर्षी भिशीच्या बायकांबरोबर जाऊन आल्या. सहलीची आखणी मात्र त्याच वहीतून घेतली होती, आणि एक एसटीही चुकली नाही.

मला विचाराल तर असा माणूस धंद्यात भागीदार म्हणून नको, शेजारी म्हणून चालेल, आणि अडीअडचणीला हाच हवा. चटपटीत पोरांनी चिकटवलेले प्रोग्रॅम ती पोरं नोकरी बदलली की बंद पडतात. पॅनेलवाल्यांचा अपुरा प्रोग्रॅम कळंबोलीत अजून रोज उघडतो.

तेव्हा तुमच्याकडे डेल्फीत लिहिलेलं जुनं काही अडून बसलं असेल, आणि लिहिणारा कुठे आहे ते कोणाला ठाऊक नसेल, तर लाइन आळीत जाऊन पॅनेलवाल्यांना भेटा. सकाळी अकराच्या आत जा. ॲडव्हान्स देऊ नका, ते घेत नाहीत. तारीख मागू नका. खोटी तारीख त्यांना सांगता येत नाही, म्हणून ते सांगतच नाहीत. आणि कार्डावर नाव का घालत नाही, हे चुकूनही विचारू नका. विचारायचंच असेल तर परतीच्या लोकलचं तिकीट आधी काढू नका.